काडीनं काढलेली हवा

मी एक जुना टायर आहे. इंझोरीच्या फाट्यावर रूपाताईचं पंक्चरचं दुकान आहे, त्याच्यापुढे अर्धा जमिनीत गाडलेला आणि वरून चुना फासलेला जो दिसतो, तोच मी. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना गोड बोलावं, सगळ्यांना माफ करावं आणि शेवटी डोळे पुसावेत, अशी रीत आहे. मित्रांनो, माझ्याकडून ती आशा ठेवू नका. मी डूख धरून आहे आणि कोणावर, तेही नाव घेऊन सांगणार आहे.

माझा जन्म कारखान्यातल्या तापलेल्या साच्यात झाला. माझ्याबरोबर त्याच साच्यातून माझा जोडीदार निघाला. पुढे आयुष्यभर तो डावीकडे धावला नि मी उजवीकडे, म्हणून मी त्याला डाव्या म्हणायचो. आमच्या दोघांच्या गालावर चार आकडे उमटवले होते. पहिले दोन कितव्या आठवड्यात जन्मलो ते सांगतात, पुढचे दोन कोणत्या सालात ते. शेजारीच आम्ही किती वजन पेलू आणि आमच्यात जास्तीत जास्त किती हवा भरावी, तेही कोरलेलं होतं. म्हणजे आमची सगळी पत्रिका आमच्या गालावरच होती. बारा वर्षांत ती वाचणारं एकच माणूस भेटलं.

आमची पहिली वर्षं एका काळीपिवळी जीपखाली गेली. कारंजा ते मानोरा, मानोरा ते कारंजा. नऊ जणांच्या जागेत सतरा जण बसायचे, दोघं मागे लटकायचे, आणि टपावर बकरी. आम्ही कुरकुर केली नाही. पुढे जीप भंगारात गेली. त्याच सुमारास गावात बचाव पथक उभं राहिलं होतं. गावाला बोट मिळाली, पण ती धरणावर नेणार कशावर? मग मानोऱ्याच्या वेल्डिंगवाल्यानं लोखंडी अँगल जोडून एक ट्रॉली बनवली. ट्रॉली नवी, बोट नवी, टायर मात्र जुने. आम्हालाच उचलून तिच्याखाली बसवलं. ‘दिसायले तं चांगले आहेत,’ एवढं म्हणाले, झालं.

तरी सांगतो, ते दिवस चांगले होते. एका पावसाळ्यात अडाण नदीला पूर आला नि दोन बायका बाभळीवर अडकल्या. आम्ही चिखलातून बोट काठापर्यंत पोहोचवली. बायका सुखरूप आल्या. गावानं वाजतगाजत मिरवणूक काढली. हार कोणाला? बोटीला. नारळ कोणापुढे फोडला? बोटीच्या मोटारीपुढे. आणि आम्हाला दसऱ्याला एकेक लिंबू, तेही आमच्याच अंगाखाली चिरडायला! आम्ही त्यातही समाधान मानलं.

आता माझ्या वैऱ्याकडे येतो. त्याचं नाव दौलतसिंग. पथकात पिकअप त्याची, म्हणून ट्रॉली ओढायचा मान त्याचा. माणूस तसा कामाचा, रात्री-अपरात्री हाक मारली तरी येणारा. पण त्याची एक खोड होती. तो हवा मोजायचा नाही, लाथेनं बघायचा. गाडी काढण्याआधी डाव्याला एक लाथ, मला एक लाथ, की झालं. ‘बराबर हाय!’ अरे बाबा, लाथेनं माणसाचा ताप कळतो का? मग आमची हवा कशी कळेल? बावीसची हवा असो की पस्तीसची, बुटाला दोन्ही सारख्याच लागतात.

आणि वर्षातले दहा महिने आम्ही एकाच जागी उन्हात उभे. ना खाली विटा, ना वर ताडपत्री. उन्हानं आमच्या गालांना बारीक भेगा पडल्या. बोटीत कोणी गवऱ्या ठेवायचं, कोणी तुराट्या टाकायचं. रूपाताई तेवढी दुकानातून येता-जाता त्या तुराट्या काढून फेकायची नि ज्याच्या त्याच्या नावानं ओरडायची.

ही रूपाताई म्हणजे धम्मपालची बायको. धम्मपाल पथकातला पट्टीचा पोहणारा, बोटीची मोटार तोच चालवायचा. दुकान आधी त्याचं होतं, पण हात रूपाताईचा बसला. जॅक लावणं, टायर रिमवरून उतरवणं, ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा शोधणं, पट्टी चिकटवणं, सगळं ती एकटी करायची. तिच्या कमरेला हवा मोजायचं गेज लटकलेलं असायचं, बाकीच्या बायकांच्या कमरेला किल्ल्या असतात तसं.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. पोहरादेवीची यात्रा भरली होती. वाटेवरच्या तलावावर यात्रेकरू आंघोळीला उतरतात, म्हणून आमची बोट तिथे बंदोबस्ताला न्यायची होती. आदल्या दिवशी डाव्याला बाभळीचा काटा रुतला. रूपाताईनं पंक्चर काढलं, पट्टी बसवली, दोघांत पस्तीस हवा भरली. माझ्या गालावर ओलं बोट फिरवून तिनं ते आकडे वाचले होते नि मगच गेज लावलं होतं. मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, आपल्यालाही कोणीतरी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दौलतसिंग आला. आजूबाजूला कोणी नव्हतं. तो डाव्याजवळ बसला, खिशातून काड्यापेटी काढली, एक काडी व्हॉल्व्हमध्ये दाबून धरली. सुस्सऽऽ! मग माझ्याकडे आला. सुस्सऽऽ! माझं पोट आत गेलं, गाल जमिनीला टेकले. त्यानं लाथ मारली, मान डोलावली नि काडीनं दात कोरत निघून गेला.

काहून, तर म्हणे उन्हाळा! तुमच्याकडेही कोणी ना कोणी हे सांगत असेलच. उन्हात हवा फुगते, टायर फुटतो, म्हणून उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी. ही गोष्ट वऱ्हाडात दर चहाच्या टपरीवर ऐकायला मिळते आणि ती सपशेल खोटी आहे. एक लोखंडी तार घ्या. दहा-वीस वेळा इकडून तिकडे वाकवा नि वाकवलेल्या जागी बोट लावा. चटका बसेल. हवा कमी असली की दर चक्कराला आमचे गाल असेच वाकतात नि सरळ होतात. आम्ही वरच्या उन्हानं फुटत नाही, आतल्या आत तापून फुटतो. पुरेशी हवा असली की गाल ताठ राहतात नि आम्ही उन्हाळाही काढतो.

तर आम्ही निघालो. बोटीत मोटार, पेट्रोलचा डबा, दोर, आणि मोटार सांभाळायला म्हणून डाव्या बाजूला बसलेला धम्मपाल. दौलतसिंगला यात्रेची घाई. अकरा वाजता डांबर पाघळायला लागलं होतं. डाव्या मला म्हणाला, ‘उजव्या, माझ्यानं होत नाही रे.’ मी म्हटलं, ‘तलाव आलाच.’ तलाव आला नाही. उतारावर डाव्या फुटला. ट्रॉली तिरकी झाली, बोट उलथली आणि धम्मपाल गिट्टीवर फेकला गेला. त्याच्या मांडीचं हाड मोडलं. आत सळई घातली, पण पाय तो पाय राहिला नाही. पट्टीचा पोहणारा माणूस आता काठी टेकून चालतो.

मला वाटलं, आता तरी दौलतसिंग बोलेल. बोलला ना! हॉटेलात चहा पिता पिता बोलला. ‘कालच रूपानं पंक्चर काढलं आन् आज टायर फुटला. बाईच्या हातचं काम, दुसरं काय होईन?’ उचलली जीभ लावली टाळ्याला. वड्याचं तेल वांग्यावर! तो मुद्दाम खोटं बोलत होता असं मी म्हणत नाही. त्याला खरंच वाटत होतं की आपण हवा काढून टायर वाचवला आणि रूपाताईनं बुडवला. पण मित्रांनो, न कळता मारलेल्या लाथेचाही वळ उठतोच.

रूपाताईनं फाटलेली ट्यूब उचलून आणली. तिची पट्टी जशीच्या तशी चिकटलेली होती, ट्यूब फाटली होती भलतीकडेच. ती सगळ्यांना दाखवत फिरली. ‘पाहा ना, पट्टी निंगाली काय? पाहा!’ कोणी पाहिलं नाही. गावातल्या गाड्या मानोऱ्याला पंक्चर काढायला जाऊ लागल्या. तिनं ती ट्यूब दुकानात खिळ्याला टांगून ठेवली. आणि एका संध्याकाळी खुद्द धम्मपाल खाटेवरून म्हणाला, ‘रूपा, त्या दिवशी पट्टी बराबर बसली होती ना वं?’

ती उठली. पाना हातात घेऊन माझ्याकडे आली, माझे नट एकेक करून आवळत राहिली. आधीच घट्ट असलेले नट. मला सगळं माहीत होतं आणि मला तोंड नव्हतं. त्या क्षणी मी ठरवलं. डाव्याचा, धम्मपालच्या पायाचा नि रूपाताईच्या नावाचा, तिन्हींचा सूड. दौलतसिंग, तू ट्रॉली ओढशील, मागे मी असेन, आणि एक दिवस मी फुटेन. ट्रॉलीबरोबर तुझी पिकअपही नाल्यात गेली पाहिजे.

वर्षभर मी हेच घोकत उभा होतो. डाव्याच्या जागी एक नवा टायर आला, कोवळा, गुळगुळीत बोलणारा. मी त्याच्याशी फारसं बोललो नाही.

यंदा पुन्हा यात्रा आली. निघायच्या दिवशी सहा वाजता, टायर गार असताना, रूपाताई गेज घेऊन आली. मोजलं, पस्तीस भरलं नि माझ्या वरच्या पत्र्यावर खडूनं मोठ्ठा आकडा काढला. ३५. मग ती चहा ठेवायला घरात गेली. साडेसातला दौलतसिंग आला. त्यानं खडूचा आकडा पाहिला, हसला, खिशात हात घातला. काड्यापेटी. सुस्सऽऽ! आधी नव्याला, मग मला. लाथ. ‘बराबर हाय!’

काढ, मी मनात म्हटलं. काढ बाबा, अजून काढ. आज तुझे दिवस भरले.

आठ वाजता सगळे जमले. पथकाचे प्रमुख पंजाबराव गुरुजी आले, काठी टेकत धम्मपाल आला, आणि दौलतसिंगची बायको कमलीबाई यात्रेला जायचं म्हणून ठेवणीतलं लुगडं नेसून पिकअपजवळ उभी राहिली. दौलतसिंग चावी फिरवणार, तोच रूपाताई पुढे झाली.

“गुरुजी, एक डाव मोजू द्या.”

“आवं बाई, सकायी तं मोजलं तुनं!” दौलतसिंग हसला. “टायर हाये का लेकरू? किती डाव पाहतं त्याले?”

ती खाली बसली. माझ्या व्हॉल्व्हला गेज लावलं. बघितलं. पुन्हा लावलं. मग नव्या टायरला लावलं. ती उठली.

“सकायी पस्तीस होती. आता बावीस हाये. दोन्ही टायरात बावीस. तेरा हवा कुठी गेली?”

 पंजाबराव चष्मा पुसू लागले. आणि मग, मित्रांनो, ज्याची मी वर्षभर वाट पाहिली ते माझ्या फुटण्याविनाच घडलं. दौलतसिंग छाती पुढे काढून म्हणाला, “जाईन कुठी? मीनं काढली. उन्हाया हाये का नाही? पस्तीस ठेवून मारता का लोकाईले? दरसाली मीच काढतो. मांगच्या साली बी मीनंच काढली होती, म्हणून तं...”

आणि तो थांबला.

  कमलीबाई पुढे आली, म्हणाली, “म्हणून तं काय?”

दौलतसिंगनं माझ्याकडे बोट दाखवलं. “म्हणून तं... दुसरा टायर वाचला,” तो कसाबसा म्हणाला.

“आन् धम्मपालभाऊचा पाय?” कमलीबाई म्हणाली. “तुमी वर्षभर त्या बाईच्या नावानं बोंबलून राह्यले!”

धम्मपालनं बायकोकडे पाहिलं. त्याची काठी हातातून सुटली, ती त्यानं उचललीसुद्धा नाही. रूपाताईनं मात्र आरडाओरडा केला नाही. मी असतो तर पाना डोक्यात घातला असता. ती दुकानात गेली, खिळ्यावरची फाटकी ट्यूब काढली नि दौलतसिंगच्या गळ्यात घातली. हार घालतात तशी. म्हणाली, “तुमी म्हणता ना दौलतभाऊ, कमी हवेनं टायर वाचतो? मंग पाहूच.”

तिनं नव्या टायरात पस्तीस भरली. मला बावीसवरच ठेवलं. बोटीत माझ्या बाजूला माणसाच्या वजनाचं रेतीचं पोतं टाकलं. “बोटीत कोणीच बसायचं नाही. मानोऱ्याच्या रस्त्यानं सहा किलोमीटर जायचं, वापस यायचं. हळू. मी तुमच्या बाजूले बसीन.”

मी निघालो. सांगू का खरं? फुटायची इतकी इच्छा कधीच झाली नव्हती. गाल वाकत होते, पोटात आग पेटली होती, आतले धागे एकेक करून ताणत होते. समोर वैरी बसलेला, बाजूला खोल नाला. अजून थोडं, एवढंच पुरे होतं. पण त्याच्या शेजारी रूपाताई बसलेली होती. आणि रस्त्याच्या कडेनं पांढरे झेंडे घेतलेली माणसं पोहरादेवीला पायी चालली होती, कडेवर पोरं, डोक्यावर गाठोडी. नाल्यात पिकअप जाताना ती कोणाला विचारून जाणार होती? मला दात असते तर मी दात खाल्ले असते. भेगाळलेल्या गालांनी ते बारा किलोमीटर मी कसे काढले, माझं मला माहीत.

परत आल्यावर रूपाताई उतरली. “दौलतभाऊ, त्या नव्या टायरवर हात ठेवा.”

त्यानं ठेवला. “गरम हाये. पण ठेवू शकतो.”

“आता याच्यावर ठेवा. गालावर. पूर्ण तयहात.”

तो माझ्याजवळ आला. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्याजवळ पायानं नाही, हातानं आला. मी बारा किलोमीटरची सगळी आग गालात गोळा करून बसलो होतो. त्यानं तळहात टेकवला.

“आई वंऽऽ!”

तो तीन पावलं मागे उडाला. तळहात लालबुंद. मित्रांनो, तो होता माझा सूड. डाव्याच्या नावानं दिलेला एक चटका. अजून आठवला की बरं वाटतं, खोटं कशाला बोलू?

पंजाबराव गुरुजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “रूपाची पट्टी चोख होती. चुकलो आपण, आन् पाहिलं बी नाही.” मग त्यांनी विचारलं, “रूपा, बोल. याले काय दंड करायचा?”

तिनं बराच वेळ विचार केला. म्हणाली, “दंड नोको. दौलतभाऊची गाडी इथंच हवा भरीन. मी भरून देईन. पण दर खेपेले, इथं जे कोणी उभं असन त्याच्यासमोर, यायनं एक गोष्ट सांगायची. हवा मी काढली होती, म्हणून धम्मपालचा पाय मोडला. बस. माझ्याबद्दल ज्या तोंडानं बोलले, त्याच तोंडानं.”

त्याच दिवशी तिनं माझ्या गालावरचे चार आकडे पुन्हा वाचले, बोटांवर वर्षं मोजली नि म्हणाली, “बारा झाले. नक्षी शाबूत हाये, पण अंग गेलं याचं. आता याले रस्त्यावर धाडायचं नाही.” मला वाईट वाटलं. जिच्यासाठी जीव मुठीत धरून धावलो, तिनंच मला उतरवलं. पण तिचं बरोबर होतं, माझ्या आतले धागे खरंच तुटत आले होते. बोट यात्रेला गेली ती नव्या जोडीवर, पस्तीसच्या हवेनं, सोबत एक जादा टायर बांधून. आता बोट घरी असली की ट्रॉली विटांवर चढवतात, वर ताडपत्री टाकतात, आणि पत्र्यावर रूपाताईचा खडू उमटल्याशिवाय ती जागची हलत नाही. मला तिनं इथे दुकानापुढे गाडलं.

इथून मी सगळं बघतो. गाड्या परत येऊ लागल्या आहेत. दौलतसिंगही येतो. पहिल्या खेपेला तो वाक्य इतकं हळू बोलला, की रूपाताई म्हणाली, “आयकू नाही आलं.” त्याला दुसऱ्यांदा बोलावं लागलं. मी मोजत होतो. पाच, नऊ, चौदा. सतराव्या खेपेला तो धम्मपालकडे तोंड करून बोलला. रूपाताईनं गेज खाली ठेवलं. “बस झालं दौलतभाऊ. आता नोका सांगू.”

त्यानंतरच्या आठवड्यात यवतमाळकडचा एक अनोळखी टेम्पोवाला दुकानापाशी थांबला. खाली बसून त्यानं खिशातून काडी काढली नि व्हॉल्व्हकडे नेली. दौलतसिंग माझ्यावर बसून चहा पीत होता. तो कप टाकून धावला, त्याचा हात धरला. “काढू नोको बावा! मीनं काढली होती. तो पाहा, काठीवाला माणूस दिसते ना? त्याचा पाय माह्या काडीनं मोडला.” रूपाताई आत होती. त्याला सांगायला कोणी भाग पाडलं नव्हतं. बाकड्यावर बसलेल्या धम्मपालनं मान वर केली आणि बऱ्याच दिवसांनी त्याच्याकडे बघून म्हणाला, “चाय सांडला तुहा. दुसरा घे.”

तर मित्रांनो, त्या दोघांनी त्याला माफ केलं. मी नाही केलं. माझा डाव्या परत आला नाही, मी कशाला माफ करू? म्हणून तुम्हाला मी एकच काम लावतो. तुमच्या घरची गाडी असो, ट्रॉली असो की बोट ओढायची असो, निघायच्या आधी, टायर गार असताना, जो कोणी लाथ मारायला पाय उचलेल त्याचा पाय धरा. त्याला खाली बसवा. गालावरचे आकडे वाचायला लावा, गेज लावायला लावा. मोठा माणूस असला तरी लाजू नका. ज्याला आमच्यापुढे वाकायची लाज वाटते, त्याच्यापायी कोणाला तरी पुढे आयुष्यभर काठी टेकत चालावं लागतं.

आणि दौलतसिंग अजूनही रोज संध्याकाळी येऊन माझ्यावर बसतो. चांगला जड आहे. बसण्याआधी सवयीनं त्याचा पाय उचलला जातो, मग तो अलगद खाली येतो नि त्या पायाऐवजी तो हात टेकवतो, तोच भाजलेला तळहात. बसू दे. माझ्यात आता हवाच नाही, तो काढणार काय?